पहिली तपासणी पुरुषाची करा

लग्नाला दोन-तीन वर्षं होऊन पाळणा हलला नाही, की घरात काय सुरू होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. सुनेला आधी कारंज्यातल्या दवाखान्यात नेतात, मग आर्वीला, मग वर्ध्याला नाहीतर नागपूरला. तिची सोनोग्राफी होते. रक्त तपासतात. गर्भनळ्या मोकळ्या आहेत का ते पाहतात. महिनोन् महिने गोळ्या चालतात. मधूनच कुणी नवस सुचवतं, कुणी बाबाचं नाव सांगतं. नवरा तिला बसमध्ये बसवून वावरात निघून जातो. त्याला कुणी काही विचारत नाही.

हे आवाहन त्या नवऱ्याला आहे, आणि त्याच्या आईवडिलांना.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण असतं. कधी ते एकटंच असतं, कधी बायकोच्या कारणाच्या जोडीनं. आणि पुरुषाची पहिली तपासणी तर सगळ्यात सोपी. सुई टोचत नाहीत, भूल देत नाहीत, भरती व्हावं लागत नाही. तरीही आपल्याकडे ती सगळ्यात शेवटी होते. तोवर बायकोच्या अंगावरून वर्षानुवर्षांचे उपचार गेलेले असतात, आणि कपाशीचे, संत्र्याचे पैसेही संपलेले असतात.

वर्षभर नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी मिळून डॉक्टरकडे जा. बायकोचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच जा. सुरुवात कारंज्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारून करता येते. आपल्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगी मेघेचं रुग्णालय आहे. दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं. लांब मुंबई-पुण्याची जाहिरात पाहून धावण्याआधी इथे दाखवा.

पहिली तपासणी वीर्याची. तिच्याआधी दोन ते सात दिवस वीर्य बाहेर पडू देऊ नका. नमुना प्रयोगशाळेतच द्या. तो तासाभरात तपासायला लागावा लागतो आणि तोवर अंगाच्या उबेत राहावा लागतो. सकाळी घरी डबी भरली आणि बसनं वर्ध्याला नेली, तर रस्त्यातच शुक्राणूंची चाल मंदावते. रिपोर्ट उगाच वाईट येतो, आणि त्या रिपोर्टवर पुढचे सगळे उपचार चालतात. साबण, तेल, निरोध वापरू नका. थोडं सांडलं असेल तर तसं सांगा. पहिल्या थेंबांतच शुक्राणू जास्त असतात. ते सांडले आणि तुम्ही लाजून गप्प बसलात, तर आकडा खोटा येईल.

रिपोर्ट हातात आला की घाबरून घडी घालून खिशात टाकू नका. दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू ही जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये दिलेली खालची मर्यादा आहे. त्यातले ४२ टक्के हलते असले तरी ठीक. चांगल्या आकाराचे फक्त ४ टक्के असले तरी चालतं. रिपोर्टवर ‘९६ टक्के सदोष’ असं वाचून कित्येक जण खचतात. खचू नका, निरोगी पुरुषांच्या रिपोर्टवरही असे आकडे येतात.

एका रिपोर्टवर निकाल लावू नका. आकडा कमी आला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासा. शरीरात शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणून मागच्या तीन महिन्यांत डेंगू, मलेरिया, टायफॉइड असा मोठा ताप येऊन गेला असेल तर तो रिपोर्टमध्ये दिसतो. डॉक्टरांना हे सांगा. रिपोर्ट ‘निल’ आला, म्हणजे एकही शुक्राणू दिसला नाही, तर नमुना यंत्रात फिरवून तळाशी बसलेला भाग पाहिला का, ते विचारा.

मधल्या काळात हातातल्या गोष्टी करा. खर्रा सोडा, दारू सोडा. फवारणी करताना तोंड, हात झाका आणि घरी आल्यावर आंघोळ केल्याशिवाय बसू नका. अंग कमावण्यासाठी जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं देत असेल तर ती लगेच थांबवा आणि डॉक्टरांना सांगा. हे इंजेक्शन घेतलं की मेंदूला वाटतं, हार्मोन भरपूर आहे. मग वृषणांचं काम बंद पडतं. ताकदीसाठी घेतलेल्या सुईनं शुक्राणू पार शून्यावर आलेली तरुण पोरं आज दवाखान्यांत दिसतात. बहुतेकांचे पुढे परत येतात, पण कित्येक महिने जातात.

आता एक गोष्ट ठाम सांगते. डॉक्टरांनी पुरुषाला उभं करून, हातानं तपासल्याशिवाय औषध सुरू करू देऊ नका. या दोन मिनिटांच्या तपासणीत खूप काही कळतं. वृषणाच्या वरच्या शिरा फुगलेल्या आहेत का, ते कळतं. त्यावर उपचार आहे. वृषण खाली उतरलेलं नाही, ते कळतं. वृषणं लहान आणि घट्ट लागली, तर एक शंका येते. शुक्राणू वाहून नेणारी नळी बोटांना दोन्ही बाजूंनी लागलीच नाही, तर दुसरी. या दोन शंका जन्मजात कारणांच्या आहेत. पुढचं बरंचसं जन्मजात कारणांबद्दल आहे, कारण नेमकं तिथेच घराघरांत गैरसमज होतात आणि पैसाही तिथेच वाया जातो.

आपल्या शरीराच्या जवळपास प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात. त्यांच्यावर शरीर चालवायच्या सूचना लिहिलेल्या असतात, त्यांना जनुकं म्हणतात. सातबाऱ्यावरची एखादी नोंद गळून जावी तसं कधी कधी यातलं काही गळतं. वावर जिथल्या तिथे असतं, त्यात पीकही उभं असतं, पण एक काम अडून बसतं. तसंच इथे होतं. माणूस धडधाकट असतो, कष्ट करतो, संबंध नीट ठेवतो. फक्त शुक्राणू तयार होत नाहीत किंवा बाहेर येत नाहीत. हे मर्दपणाशी जोडू नका. दाढी-मिशा, ताकद, संबंध यांचा आणि शुक्राणूंच्या आकड्याचा थेट मेळ नसतो.

सगळ्यात जास्त आढळणारं जन्मजात कारण म्हणजे क्लाइनफेल्टर सिंड्रोम. पुरुषात एक एक्स आणि एक वाय गुणसूत्र असतं. या मुलांत एक एक्स जास्तीचं असतं. साधारण सहाशे मुलांमागे एक असा जन्मतो. अमेरिकेतल्या हॅरी क्लाइनफेल्टर या डॉक्टरांनी १९४२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव. कित्येकांना लग्न होईपर्यंत आपल्याला हे आहे हे माहीतही नसतं. उंची जास्त, दाढी विरळ, छाती थोडी वाढलेली, वृषणं लहान. यातलं काही असतं, काही नसतं. हा दोष बहुधा आईबापाकडून आलेला नसतो. बीज तयार होतानाच ती चूक घडते. त्यात कुणाचा दोष नाही.

क्लाइनफेल्टर निघालं तर एक क्रम चुकवू नका. या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी असतं. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, थकवा येतो. म्हणून पुढे ते हार्मोन द्यावं लागतं. पण मूल हवं असेल तर आधी वृषणातून शुक्राणू मिळतात का ते पाहायचं, हार्मोन नंतर. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक शस्त्रक्रिया करून शोधलं तर यातल्या बऱ्याच पुरुषांत थोडे शुक्राणू सापडतात. मूल नको असलं तरी हाडांची आणि साखरेची तपासणी मात्र आयुष्यभर चालू ठेवा.

दुसरं कारण वाय गुणसूत्रातला गळालेला तुकडा. हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी संशोधन संस्थेत डॉ. कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निल रिपोर्ट असलेले ३४० भारतीय पुरुष तपासले. २००३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्यातल्या २९ जणांत हा तुकडा गळालेला निघाला. म्हणजे निल रिपोर्टवाल्या दर बारा जणांत साधारण एक. वाय गुणसूत्रावर अशा ए, बी आणि सी या तीन जागा आहेत. सी ही जागा गळालेली असेल तर वृषणात शुक्राणू सापडण्याची चांगली शक्यता असते. ए किंवा बी पूर्ण गळालेली असेल तर शुक्राणू मिळत नाहीत. शस्त्रक्रिया करूनही नाही.

हे वाक्य पुन्हा वाचा. रक्ताच्या एका तपासणीचा खर्च हजारांत असतो. शस्त्रक्रिया आणि टेस्ट ट्यूब बेबीचा खर्च लाखांत. ए किंवा बी गळालेली आहे हे आधी कळलं, तर एक वाया जाणारी शस्त्रक्रिया टळते आणि बायकोची रोजची इंजेक्शनंही टळतात. म्हणून रिपोर्ट निल असेल किंवा दर मिलिलिटरला ५० लाखांच्या खाली असेल, तर डॉक्टरांना दोन तपासण्यांबद्दल विचारा: गुणसूत्रांची तपासणी, आणि वाय गुणसूत्राच्या तुकड्यांची तपासणी. दोन्ही साध्या रक्तावर होतात. शस्त्रक्रियेची तारीख याआधी घेऊ नका.

तिसरं कारण नळीचं. शुक्राणू तयार होतात, पण त्यांना बाहेर आणणारी नळीच जन्मतः नसते. वीर्य फार थोडं येतं, दीड मिलिलिटरहून कमी, आणि शुक्राणू निल. यातल्या बहुतेकांत सीएफटीआर नावाच्या जनुकात दोष असतो. इथे वृषणातून शुक्राणू काढून मूल होऊ शकतं, आणि यश चांगलं येतं. पण त्याआधी बायकोचंही हेच जनुक तपासा. दोघांतही दोष असेल तर बाळाला फुप्फुसांचा आणि पचनाचा गंभीर आजार होऊ शकतो. डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करा.

एक कारण असं आहे की त्याची खूण नाकात असते. काही मुलांना जन्मापासून वास येत नाही. फोडणीचा वास नाही, अगरबत्तीचा नाही. आवाज फुटत नाही, दाढी येत नाही. याला कालमन सिंड्रोम म्हणतात. मेंदूतून वृषणांना निरोप पोहोचत नाही, म्हणून वृषणं झोपलेली राहतात. हार्मोनची योग्य इंजेक्शनं काही महिने ते दोन वर्षं घेतली तर बहुतेकांत शुक्राणू तयार होतात आणि कित्येकांना घरच्या घरी मूल होतं. घरातला पोरगा सोळा-सतरा वर्षांचा झाला, अजून आवाज फुटला नाही आणि त्याला वास येत नाही असं लक्षात आलं, तर लग्नापर्यंत थांबू नका. त्याला आताच दाखवा.

दिवस राहतात पण गर्भ वारंवार पडतो, अशा घरात दोघांचीही गुणसूत्रं तपासा. कधी पुरुषाच्या दोन गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदललेले असतात. त्याला काही त्रास नसतो, पण बाळापर्यंत हिशेब चुकीचा पोहोचतो. त्या प्रत्येक गर्भपाताचा बोल मात्र सुनेला लागतो.

विदर्भात सिकलसेल अनेक घरांत आहे, म्हणून त्याबद्दलही सांगते. सिकलसेलच्या पुरुष रुग्णांना हायड्रॉक्सीयुरिया हे औषध देतात. ते जीव वाचवणारं औषध आहे, पण त्यानं शुक्राणू कमी होऊ शकतात. मूल हवं आहे हे डॉक्टरांना सांगा. औषध सुरू करण्याआधी वीर्य गोठवून ठेवता येतं का, विचारा. स्वतःच्या मनानं गोळी मात्र बंद करू नका. आणि बायकोचीही सिकलसेल तपासणी करून घ्या.

आता घरातल्या मोठ्या माणसांसाठी एक काम. डॉक्टरांकडे जाण्याआधी एका कागदावर तीन पिढ्या लिहून काढा. कुणा काकाला, मामाला मूल झालं नाही का? कुणाची बाळं लहानपणी गेली का? कुणाचे गर्भ वारंवार पडले का? कुणाला जन्मापासून खोकला, सर्दी सतत असते का? शुक्राणू अजिबात हलत नाहीत आणि खोकला जन्माचा सोबती आहे, तर दोन्हींचं मूळ एकच असू शकतं. लग्न मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी झालंय का, तेही लिहा. मामांबद्दल मी मुद्दाम विचारते आहे. काही दोष आईकडून आलेल्या एक्स गुणसूत्रावर असतात. आईला स्वतःला त्याचा काही त्रास होत नाही. सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनीच टेक्स१३बी हे असं एक जनुक दाखवून दिलं.

म्हणून ‘आमच्या खानदानात असं नाही’ हे वाक्य घरात बोलू नका. वाय गुणसूत्राचा तुकडा बहुतेक वेळा त्या मुलातच पहिल्यांदा गळालेला असतो. त्याच्या बापाला चार मुलं असली तरी त्यावरून पोराबद्दल काही ठरत नाही.

दोष सापडला आणि शुक्राणू थोडे जरी मिळाले, तर एकेक शुक्राणू थेट बीजात सोडून गर्भ तयार करण्याची पद्धत १९९२ पासून जगात आहे. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली, तेव्हापासून महाराष्ट्रात टेस्ट ट्यूब बेबीचं ज्ञान आहे. पण वाय गुणसूत्राचा तुकडा गळालेल्या बापाला या पद्धतीनं मुलगा झाला, तर तोच दोष मुलाकडे जाणार. हे आधी समजून घ्या, मग दोघांनी ठरवा.

टेस्ट ट्यूब बेबीच्या केंद्रात पाऊल टाकलं की नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. २०२१ च्या कायद्यानं अशा प्रत्येक केंद्राला नोंदणी सक्तीची आहे. खर्च कागदावर लिहून घ्या. तुमच्या वयाला, तुमच्या रिपोर्टला यशाची शक्यता किती, ते विचारा. ‘हमखास मूल’ म्हणणाऱ्याकडून उठून या. ‘मुलगाच देतो’ म्हणणारा तर सरळ गुन्हा करतो आहे, त्याची तक्रार करा. शुक्राणू मिळालेच नाहीत आणि दात्याचं वीर्य घ्यायचं ठरलं, तर ते नोंदणी असलेल्या बँकेतूनच येतं आणि दात्याचं नाव गुप्त राहतं. दिराचं किंवा नात्यातल्या कुणाचं घेऊ या, असं घरातल्या घरात ठरवू नका. कायदा ते मान्य करत नाही, आणि पुढे नात्यांत विष कालवलं जातं. बँकेतल्या दात्याच्या वीर्यातून झालेल्या बाळाचे सगळे हक्क तुमच्या पोटच्या लेकरासारखेच असतात.

बाबा-बुवांकडे सुनेला एकटीला पाठवू नका. दोघं मिळूनही जाऊ नका. मूल देतो म्हणून बाईशी संबंध ठेवणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात स्वतंत्र गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. असं घडत होतं, म्हणून तर तो लिहावा लागला.

दत्तकाचा रस्ताही मोकळा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांना मूल नव्हतं. दुसऱ्या लग्नाचा आग्रह जोतीरावांनी मानला नाही. त्यांनी आश्रय दिलेल्या एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंसोबत त्यानं रोग्यांची सेवा केली. आज दत्तक घ्यायचं तर केंद्र सरकारच्या ‘कारा’ या यंत्रणेत नाव नोंदवावं लागतं. वर्ध्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात माहिती मिळते. वाट पाहावी लागते, पण ती पाहा. कुणी नर्सिंग होममधून परस्पर बाळ मिळवून देतो म्हणाला तर हात लावू नका. ते बाळ नंतर तुमच्याकडून काढून घेतलं जाऊ शकतं.

निदान झालं की घरात कुणाला सांगायचं, हे नवरा-बायकोनं ठरवावं. पण गुणसूत्रांची अदलाबदल किंवा सीएफटीआरचा दोष निघाला असेल तर भावाबहिणींना सांगा. त्यांच्यातही तो असू शकतो, आणि मूल होण्याआधी कळलेलं बरं.

एखाद्या पोराला लग्नाआधीच हे कळलं असेल, तर लपवून लग्न उरकू नका. साखरपुड्याआधी सांगा. मुलीच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगून भागत नाही. मुलीला स्वतःला सांगा, रिपोर्ट दाखवा, तिला डॉक्टरांशी बोलू द्या, आणि विचार करायला वेळ द्या. ती नाही म्हणाली तर तिच्या गावात, नात्यात तिच्याबद्दल वाईट बोलू नका. हो म्हणाली, तर पहिल्या दिवसापासून सासूनं शेजाऱ्यांना एवढंच सांगावं, की मुलाबाळांचं त्या दोघांचं ते बघतील.